आधी जेवण, मग नाव

घोडटप्पा, खुलताबादेजवळ
१४ नोव्हेंबर १९४९

तीर्थस्वरूप द्वारकाअक्काच्या सेवेशी,
बन्सीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चांदपाशा ड्रायव्हरनं काल हातात आणून दिलं. मोटार पुन्हा रोज सुटू लागली आहे. टांग्याच्या काळात वळणावर शिंग फुंकायचे, तसा तो हॉर्न वाजवतो. जितकी माणसं जेवणार, तितक्यांदा. काल सहादा वाजला आणि उतरले नऊजण. सारजा तव्यापासून ओरडली, की ह्याला मोजता येत नाही तर मोटार कुणी दिली. तो म्हणाला, वहिनी, तुमच्या भाकरीचा वास आला की न जेवणारेही उतरतात, त्यात माझा काय कसूर.

दाजींच्या ओळखीचे वकील अर्ज करणार आहेत, म्हणून त्या दिवसाची हकीकत माझ्या अक्षरात हवी, असं तू लिहिलंस. तुझ्या कानावर शहरात चार तऱ्हेच्या गोष्टी आल्या आहेत. घडलं ते असं.

पोलीस ॲक्शन होऊन आठवडा उलटला होता. त्या उन्हाळ्यात रझाकार आपल्या फाटकाशी आले, तेव्हा टप्प्यातला आपला भागीदार कमरोद्दीनभाई आडवा उभा राहिला होता. त्यांना तो म्हणाला, की ह्या घरात शिरायचं असेल तर आधी माझ्यावरून जा. आता वारं फिरलं होतं. रझाकार पळाले आणि दुसऱ्याच टोळ्या हिंडू लागल्या. त्यांना रझाकार सापडत नव्हते, म्हणून जो मुसलमान दिसेल तो त्यांना रझाकार वाटत होता. आम्ही भाईला मागच्या कडब्याच्या खोलीत ठेवलं. जाहेदाभाभी माहेरी खुलताबादेत होती, तेवढं बरं.

दुपारी एक माणूस एकटाच पायी आला. अंगात काळी बंडी, पाय धुळीनं भरलेले. भूक लागली म्हणाला. मी पाट मांडला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आपल्याकडं आधी जेवण, मग नाव. त्यानं भाकरीचा वरचा पापुद्रा नखानं अलगद सोडवला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि सगळं जेवण झाल्यावर गूळ मागून तो पापुद्रा गुळाबरोबर खाल्ला. तेवढ्यात सारजा झाकलेलं ताट घेऊन मागं गेली. ते त्यानं पाहिलं. हात धुवायला आडावर जातो म्हणाला. आडावर गेला आणि मागचं फाटक उघडलं. ओढ्यात बसलेले लोक आत आले. मला आणि सारजाला त्यांनी स्वयंपाकघरात कोंडलं. पुढचं सगळं आम्ही फक्त ऐकलं. ते मला लिहवत नाही. दुसऱ्या दिवशी भाईला माती द्यायला बैलगाडीतून खुलताबादेला नेलं, एवढं लिहितो.

फौजदारानं मला विचारलं, की नाव काय त्याचं? मी म्हणालो, माहीत नाही, पण भाकरीचा पापुद्रा शेवटी गुळासंगं खातो. फौजदार हसला आणि कागदावर अज्ञात इसम लिहून मोकळा झाला. आपण टप्प्याची माणसं, अक्का. आपल्या ध्यानात नावं राहत नाहीत, जेवणं राहतात.

म्हणून मी दारात स्टूल टाकलं आहे. त्याच्यावर बसतो आणि जो येईल त्याला आधी नाव, गाव, कुणाचा कोण, हे विचारतो. मग आत सोडतो. लोकांना राग येतो. काही परत जातात. जाऊ देत.

मागच्या रानातली भाईच्या वाट्याची अर्धी ज्वारी दरवर्षीसारखी भाभीकडं नेली होती. तिनं गाडी दारातूनच परत फिरवली. म्हणाली, दाणे नको, नाव आणून दे.

तुझी माया आहे, ती रागावून पाठवलीस तरी मला पोचेल.
तुझा,
बन्सी


उस्मानपुरा, औरंगाबाद
२ डिसेंबर १९४९

चि. बन्सीस,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ह्यांना वाचून दाखवताना मध्येच थांबले, मग ह्यांनीच पुढं वाचलं. वकिलांकडं नेलं. वकील भले आहेत, पण ते म्हणाले, की अर्ज करायचा कुणावर? ज्याला नाव नाही त्याच्यावर सरकार समन्स कसं काढणार? कागद परत आला आहे. भाभीला हे मी कोणत्या तोंडानं सांगू, तूच सांग.

आता तुझ्या स्टुलाविषयी. तू खानावळ चालवतोस की जकात नाका? मला वाटलं होतं, माझा भाऊ जमादार झाला तर निदान मला वर्दीतला फोटो तरी पाठवील.

हसतेय, पण मन हसत नाही. तू लहान होतास, म्हणून आजीनं ही गोष्ट मला सांगितली, तुला नाही. नांदगावला आगगाडीतून उतरून लोक टांग्यानं औरंगाबादेला यायचे, तेव्हा आपल्याकडं घोडे बदलत. घोडे कमरोद्दीनच्या आजाचे, चूल आपल्या सांडूआजाची. मोठ्या दुष्काळात एक उपाशी माणूस पंगतीला येऊन बसला. कुणीतरी त्याला नाव विचारलं. त्यानं खरं सांगितलं. त्याची जात कळली तशी अर्धी पंगत ताटावरून उठली. तो माणूस तसाच उपाशी निघून गेला. दुसऱ्या दिवशी वळणावरच्या चिंचेखाली तो मेलेला सापडला. त्या दिवशी दोघा आजांनी मिळून ठरवलं, की ह्या दारात आधी जेवण, मग नाव. आणि नावही कशासाठी, तर पुढच्या टप्प्याला कळवायला. कमरोद्दीनचा आजा टांग्यापाशी उभा राहून मोठ्यानं पुकारायचा, की अमक्याचा अमका, गाव अमुक, पोटभर जेवून निघाला आहे. टांगेवाला ते पुढं सांगायचा, म्हणजे तिथं त्याच्यासाठी जागा ठेवत. कमरोद्दीननं तर मोटारी आल्या तरी ते सोडलं नव्हतं. चांदपाशाच्या कानाशी जाऊन पुकारायचा आणि चांदपाशा म्हणायचा, मियाँ, पुढं आता कोण ऐकायला बसलंय?

त्या काळ्या बंडीवाल्यानं आपली रीत विटाळली, हे खरं. पण ती मोडली ती तू, त्यानं नाही. विचार कर.

सारजाला सांग, ताट नेलं म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. उपाशी माणसाला जेवायला नेलं, एवढंच तिनं केलं. चांदपाशाबरोबर थोडे पेरू पाठव, इथं मिळतात ते नुसते बियांचे.

आशीर्वाद तर आहेतच, त्यांच्या मागून काळजीही पाठवते आहे, ती परत करू नकोस.
तुझी अक्का


खुलताबाद
२० जानेवारी १९५०

द्वारकाआपाला जाहेदाचा सलाम.

(हे भाभी सांगते आहे आणि मी लिहितो आहे. एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही, अशी तिची ताकीद आहे. बन्सी.)

आपा, तुमचं खत बन्सीनं वाचून दाखवलं. वकीलसाब खरं बोलले. बेनाम मानसावर कोन मुकदमा करनार? मी रडले नाय. रडायचं ते झालं.

मला राग बन्सीचा आला. दारात स्टूल टाकून बसलाय. मी त्याला म्हनलं, अरे अकलेच्या, तो मानूस नाव इचारनाऱ्या दारात येईल व्हय? त्याला ठावं हाय, घोडटप्प्यावर नाव इचारत नाय. म्हनून तर आला होता. पुन्हा यायचा असंल तर तसाच येईल. स्टूल उचल. दार पयल्यासारखं उघडं ठेव. रस्ता एकच हाय, मानसाला भूक लागतेच, आन भाकरी खायची आदत कुनाची मरेपर्यंत जात नाय.

मी येते टप्प्यावर. कडब्याच्या खोलीकडं जानार नाय, तेवढं मला नाय जमत. चुलीपुढं बसते. सारजाचे हात आता दुखतात, मी भाकरी थापते. तो कसा पापुद्रा काढतो ते बन्सीकडून दहा डाव करून घेतलंय. बन्सी म्हनतो, लोक इचारतील, मुसलमान बाईच्या हातचं कसं खायचं? मी म्हनलं, जेवनाऱ्याचं नाव इचारायचं नाय, तर रांधनाऱ्याचं कशाला इचारायचं?

मला नाव पायजे. कशाला पायजे ते नाव मिळाल्यावर सांगंन.

तुमच्या लेकरांना दुवा. जवळ असता तर पाठीवर एक धपाटा घातला असता, की इतकी वर्सं झाली, आपा, माझ्या घरी पानी पियालासुदिक येत नाय तुम्ही.
जाहेदा


उस्मानपुरा
११ फेब्रुवारी १९५०

चि. बन्सीस,
अक्काचे अ. उ. आ.

जाहेदाचं पत्र आल्यापासून मला झोप नाही. नाव कशाला हवं, ते तिनं सांगितलं नाही. चुलीपुढं बसायचं म्हणते. चुलीपाशी काय काय असतं, ते मला माहीत आहे. विळी असते, सांडशी असते, निखारे असतात. मी तिला ओळखते. लग्न होऊन आली तेव्हा मस्तवाल घोड्याला तिनं एका हाकेत उभं केलं होतं. मला तिच्या रागाची भीती वाटत नाही. ती रागावत नाही, ह्याची वाटते.

तू तिला नाही म्हणू शकत नाहीस, मीही नाही. पण तो माणूस दिसलाच, तर तू तिला सांगणार आहेस का, हे आधी मनाशी ठरव. सांगितलंस तर काय होईल आणि गप्प बसलास तर तू कोण ठरशील, दोन्हीचा विचार कर.

तिला म्हणावं, पुढच्या खेपेला पाणी पिणार, आणि चहाही घेणार. धपाटा उधार ठेव.

सारजाला सांग, विळी वापरून झाली की नजरेआड ठेवत जा.

तुम्हा सगळ्यांना जपणं माझ्या हातात नाही, म्हणून आशीर्वादच जरा जास्त पाठवते.
अक्का


घोडटप्पा
१८ ऑक्टोबर १९५३

तीर्थस्वरूप अक्काच्या सेवेशी,
बन्सीचा शि. सा. न. वि. वि.

फार दिवसांनी लिहितो आहे. तू मागच्या दिवाळीला येऊन गेलीस, तेव्हा पाहिलंसच. टप्पा पुन्हा पहिल्यासारखा झाला आहे. स्टूल आता पाण्याच्या रांजणाखाली आहे. भाभीच्या भाकरीला खुलताबादेपासून वेरूळपर्यंत नाव झालं आहे. पहिल्या वर्षी काही लोक उठून गेले. एकदा एका पाहुण्यानं हात आखडता घेऊन स्वयंपाकाला कोण आहे, असं विचारलं. सारजा बाहेर येऊन म्हणाली, की आम्ही तुम्हाला काही विचारलंय का? गप जेवा, नाही तर मोटार धरा. तो जेवला. दोनदा वाढून घेतलं.

भाभी रोज शेवटची पंगत उठली की माझ्याकडं बघते. मी मान हलवतो. ती चूल सारवायला घेते. इतक्या वर्षांत त्या माणसाविषयी आमच्यात ह्याहून जास्त बोलणं झालेलं नाही.

बातमी वाईट आहे. नवी सडक सरळ खालून जाणार. वळण सुटणार, म्हणजे टप्पाही सुटला. पावसाळ्याआधी मोटारी तिकडून जातील, असं इंजिनिअर म्हणाले. चांदपाशा म्हणतो, मी सवयीनं हॉर्न वाजवीन, पण तुम्हाला ऐकू येणार नाही.

मी भाभीला सांगितलं. तिनं हातातला गोळा परातीत ठेवला आणि एवढंच विचारलं, की वेरूळची शिवरात्रीची जत्रा आधी येते ना? मी म्हणालो, व्हय.

मला दिवे तिथूनच ओवाळ, टप्प्याची ही शेवटचीच दिवाळी.
बन्सी


घोडटप्पा
९ मार्च १९५४

तीर्थस्वरूप अक्काच्या सेवेशी,
बन्सीचा शि. सा. न. वि. वि.

तो आला.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, जत्रेहून परतणाऱ्या मोटारीतून. सगळ्यांना उपवास सोडायचा होता. चांदपाशानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. सारजा म्हणाली, हॉर्न अडकला वाटतं. पडवीत माणूस मावत नव्हता. मी वाढत होतो. मधल्या रांगेत डोक्याला फेटा, बोटात अंगठी, अंग सुटलेला एकजण बसला होता. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलं नसतं. मी डाळ वाढायला वाकलो आणि त्याचं नख भाकरीच्या कडेखाली गेलेलं दिसलं. अलगद फिरलं. पापुद्रा ताटाच्या कडेला गेला.

मी डाळीचं पातेलं तसंच घेऊन आत आलो. तू लिहिलं होतंस, आधी ठरवून ठेव. मी काही ठरवलेलं नव्हतं. ठरवायची वेळच आली नाही. भाभीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी मान हलवली नाही. तेवढ्यानंच तिला कळलं. सारजाही समजली. कांदा चिरायची विळी बाजूला पडली होती, तिच्यावर तिनं पाय ठेवला आणि तशीच उभी राहिली.

भाभीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत वाट पाहिली. मग ती भाकरी आणि गुळाचा खडा घेऊन स्वतः बाहेर गेली. चार वर्षांत ती कधी वाढायला गेली नव्हती. त्यानं मागायच्या आधीच तिनं गूळ त्याच्या ताटात ठेवला. तो खूश झाला. म्हणाला, बाई, असली भाकर आता कुठं मिळत नाही. आणि शेवटी तो पापुद्रा गुळाबरोबर सावकाश खाल्ला. त्याचं होईपर्यंत ती तिथंच खाली बसून होती.

मग तिनं तांब्या घेतला आणि पडवीच्या कडेला त्याच्या हातावर पाणी घातलं. घालता घालता रीतीप्रमाणं नाव विचारलं. पुढं कळवावं लागतं, असं म्हणाली. त्यानं हसत सांगितलं. नाव, बापाचं नाव, गाव, आणि आपण तिथल्या सोसायटीचे चेअरमन आहोत हेही. तिनं पुन्हा एकदा विचारून घेतलं, चूक नको म्हणून. त्यानं पुन्हा सांगितलं. मग ती त्याला म्हणाली, की मी जाहेदा, ह्या टप्प्याच्या कमरोद्दीनची बायको.

तांब्यातलं पाणी संपलं तरी त्याचे हात तसेच पुढं होते. चांदपाशानं हॉर्न दिला. तो हात न पुसता गेला. बाकी कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. दोघंतिघं तर अजून ताक मागत होते.

उन्हं कलल्यावर भाभीनं मला गाडी जुंपायला लावली. आम्ही खुलताबादेला गेलो. कबरस्तानात बाया जात नाहीत. ती भिंतीबाहेर उभी राहिली आणि भाई मोटारीपाशी उभा राहून पुकारायचा, अगदी तस्संच मोठ्यानं तिनं पुकारलं. अमक्याचा अमका, गाव अमुक, पोटभर जेवून निघाला आहे. मग मला म्हणाली, की मरताना त्याला कळलंच नसंल, घात करनारा कोन होता ते. आता कळवलं. आम्ही परत आलो. तिनं राहिलेली भांडी घासली.

मला वाटलं होतं, आता संपलं. काल दोन माणसं आली. जेवली नाहीत. फार गोड बोलली. म्हणाली, की चेअरमनसाहेबांची सरकारात ऊठबस आहे, जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होत नाही. जाताना एकजण छपराकडं पाहून म्हणाला, की उन्हाळ्यात असल्या छपरांना आगी फार लागतात.

नाव ह्या पत्रात लिहीत नाही. सारजा आडावर एकटी जात नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहतो आहे, चांगलं सुचेल तेच लिही असं नाही.
बन्सी


उस्मानपुरा
१६ मार्च १९५४

चि. बन्सीस,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. भाभीला काय लिहू? पुढच्या आठवड्यात येते आणि तिच्या शेजारी नुसती बसते.

हे वकिलांकडं जाऊन आले. ते म्हणाले, की नाव असेल तर अर्ज होतो, खुनाचं प्रकरण जुनं होत नाही. पण भाभीनं त्या दिवशी काही पाहिलेलं नाही. सारजानं ताट नेताना त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. बाकीच्या टोळीतला कुणी बोलणार नाही. पाहणारा तू एकटा. साक्षीदार म्हणून तुझं नाव लिहावं लागेल. वकिलांनी हेही सांगितलं, की पापुद्र्याच्या गोष्टीवर कोर्ट कितपत विश्वास ठेवील, ह्याचा भरवसा देता येत नाही. पाच-सहा गावं शपथेवर सांगतील, की तो त्या दिवशी दुसऱ्याच गावाला होता. तो सुटेल, असंच त्यांना वाटतं. आणि तुला तिथंच राहायचं आहे.

तुला जमादार म्हणून हसले होते, ते आठवलं. आज हसायला काही सुचत नाही. साक्ष दे असं सांगत नाही. देऊ नकोस असंही मला लिहिता येत नाही. दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही वेळा खोडलं.

जे ठरवशील त्यावर माझा हात आहे असं समज.
अक्का


घोडटप्पा
२१ मार्च १९५४

तीर्थस्वरूप अक्काच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोघींनाही वाचून दाखवलं. भाभी म्हणाली, की माझं काम झालं, तुझ्यावर माझं काही ओझं नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर सारजा झाकलेला कंदील घेऊन कडब्याच्या खोलीत गेली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. खोली झाडून काढली आणि आमच्या वळकट्या तिथं नेऊन टाकल्या. म्हणाली, की छपराला आग लागलीच तर त्या खोलीचं दगडी धाबं तेवढं टिकेल. आता आम्ही तिघं तिथंच झोपतो.

वस्तीवर कुणकुण पोचली आहे. काल चांदपाशानं वळणावर हॉर्न वाजवलाच नाही. मोटार थांबली, पण कुणी उतरलं नाही. चांदपाशा एकटा जेवला आणि जाताना मला म्हणाला, की मियाँसारखं तुलाही पुढं कळवायची हौस आली का? मी म्हणालो, आली.

त्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि गाव सोबतच्या चिठ्ठीत आहे. दाजींना म्हणावं, अर्ज करा. साक्षीदाराच्या जागी खाली सही केली आहे तसंच लिहा. मला तिथं कुणी नाव विचारायची वाट पाहायची नाही.

उद्यापासून मोटारी खालून जाणार आहेत, तू येशील तेव्हा नव्या सडकेवर उतर आणि पायवाटेनं वर ये. चूल चालू आहे.

बन्सी कडूबा गायके
राहणार घोडटप्पा, तालुका खुलताबाद